टेकडीची वाट लावणारी माणसे

रविवारी सकाळी आमच्या घरी कुणी आले आणि माझी चौकशी केली, की आमची सौभाग्यवती अगदी शांतपणे सांगते, "ते टेकडीची वाट लावायला गेले आहेत." पाहुणा नवखा असला तर त्याच्या हातातला चहाचा कप हातातच थांबतो. मराठीचा प्राध्यापक, वरकरणी सभ्य दिसणारा, दोन मुलांचा बाप, आणि रविवारी सकाळी हा उद्योग! जुने स्नेही मात्र हसतात आणि "परत कधी येणार?" एवढेच विचारतात.

खरे म्हणजे सौ. बोलते त्यात चुकीचे काहीच नाही. 'वाट' हा आपल्या भाषेतला मोठा सोशिक शब्द आहे. आपण वाट पाहतो, वाट चुकतो, वाट अडवतो, नको त्याच्या वाटेला जातो आणि मग पस्तावतो. 'विल्हेवाट' या शब्दात एके काळी नीट व्यवस्था लावण्याचा भाव होता; आता तो शब्द ऐकला की कचऱ्याची गाडीच डोळ्यांपुढे येते. 'वाट लावणे' याचेही तसेच झाले. आमची रविवारची मंडळी मात्र हा प्रयोग सरळ अर्थाने करतात. टेकडीवरची पायवाट बिघडते, ती आम्ही लावतो. म्हणजे नीट करतो. ती बिघडवली कुणी, हा विषय निघाला, की मी दगड शोधण्याच्या निमित्ताने जरा बाजूला जातो. का, ते पुढे येईलच.

ज्यांनी पुण्याची वेताळ टेकडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगायला हवेत. शहराच्या पश्चिम अंगाला कोथरूड, पाषाण, गोखलेनगर या वस्त्यांच्या मध्ये ही टेकडी पसरली आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आणि टेकडीचा माथा सुमारे ८०० मीटरवर. शहरातली सर्वांत उंच जागा हीच. वर वेताळाचे देऊळ आहे, एका अंगाला दगडाची जुनी खाण आहे आणि तिच्यात पाणी साचते. खाली काळा कातळ, त्यावर मुरूम, मुरमावर कुठे वीतभर तर कुठे चार बोटे माती, आणि मातीवर गवत. अधूनमधून सालई, मोई, हिवर, गणेर, मेडशिंगी अशी काटक झाडे. पहाटे मोराचा आवाज ऐकू येतो आणि त्यापाठोपाठ एखाद्या निवृत्त गृहस्थाच्या खिशातल्या मोबाइलमधून भक्तिगीतही ऐकू येते. दोन्ही आवाजांची आता सवय झाली आहे.

पुणेकराला टेकडीचे वेड जुनेच आहे. नामदार गोखल्यांनी १२ जून १९०५ रोजी सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीची स्थापना केली तीसुद्धा फर्ग्युसन कॉलेजमागच्या टेकडीवर जाऊन. आम्ही सामान्य माणसे तेवढ्या मोठ्या कामासाठी वर जात नाही. कुणी रक्तातली साखर उतरवायला जातो, कुणी घरातले बोलणे टाळायला, कुणी नुसताच जातो.

माझी आई यातल्या तिसऱ्या वर्गातली. आम्ही कोथरूडला राहायला आलो तेव्हापासून ती आठवड्यातून तीन-चार दिवस तरी टेकडी चढत असे. पायात साध्या कॅनव्हासच्या चपला, हातात छत्री, आणि परत येताना पदराच्या गाठीत कसल्या तरी बिया. जुलै २०२२ मध्ये, वयाच्या ७१व्या वर्षी, ती त्याच वाटेवर घसरून पडली. उजवे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर होते. हाड जुळून आले, पण मनातली भीती काही जुळून येईना. प्लास्टर निघाल्यावर ती दाराशी चपला घालायची, जिन्यापर्यंत जायची आणि परत फिरायची. "आता काय बघायचं राहिलंय वर?" असे म्हणायची. जी बाई नातवंडांना सालईच्या डिंकाचा वास ओळखायला शिकवीत होती, ती गॅलरीत खुर्ची टाकून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या मोजू लागली. हे पाहणे मला फार जड गेले.

मला राग आला. सुशिक्षित माणसाला राग आला म्हणजे तो काय करतो? वर्तमानपत्राला पत्र लिहितो. 'संबंधितांना जाग येईल काय?' असा मथळाही मी सुचवून ठेवला होता. मजकुराला पुरावा हवा म्हणून एका सकाळी, आई पडली त्या वळणाची छायाचित्रे काढायला मी वर गेलो.

वळणावर एक म्हातारा गृहस्थ गुडघ्यांवर बसून हाताने मुरूम बाजूला सारीत होता. शेजारी टिकाव, पहार आणि एक घमेले. डोक्याला मफलर, अंगात पांढरा सदरा, आणि त्या सदऱ्याच्या खिशाला त्या चिखलातही पेन लावलेले.

"इथं माझी आई पडली," मी म्हणालो. माझ्या स्वरात थोडा आरोप होता. का कोण जाणे, पण त्यांच्याच अंगावर मी तो टाकला.

"त्या पडल्या त्या इथं," ते मान वर न करता म्हणाले, "पण त्यांना पाडलं ते वरनं. या, दाखवतो."

आम्ही तीसेक पावले वर गेलो. ती वाट टेकडीच्या अंगावरून आडवी, सावकाश चढते. मध्ये एक मोठे वळण आहे आणि ते टाळण्यासाठी वरून खाली सरळ उताराने आलेली एक आडवाट, म्हणजे आपल्या भाषेत शॉर्टकट. आता ती वाट राहिलीच नव्हती. कमरेइतकी खोल घळ झाली होती. पाऊस पडला की वरच्या अंगाचे पाणी त्या घळीत गोळा होई, माती घेऊन खाली येई आणि मोठ्या वाटेवर वळणापाशी गोल गोल खडे पसरून देई. गोट्यांवर पाय पडावा तशी गत. आई आयुष्यात त्या शॉर्टकटने कधी गेली नव्हती. ती आपली सरळमार्गाने येत होती आणि दुसऱ्यांच्या घाईचे खडे तिच्या पायाखाली आले होते.

"ही वाट पाडली कुणी?" मी त्वेषाने विचारले.

"पोरांनी. पंचवीसेक वर्षं झाली असतील. कॉलेजची पोरं पळत उतरायची इथनं."

मी गप्प झालो. १९९९ साली मी कॉलेजात होतो. परीक्षेच्या दिवसांत आम्ही पाच-सहा मित्र पहाटे टेकडीवर वाचायला म्हणून यायचो. वाचन बेताचेच व्हायचे. उतरताना मात्र वळणाचा वळसा कोण घेतो? "कोण आधी पोचतो!" म्हणून आरोळी ठोकायची आणि गवतातून सरळ खाली! तेव्हा तिथे गुडघाभर गवत होते. पहिल्या दिवशी ते नुसते वाकले. दिवाळीपर्यंत त्यात भांग पाडल्यासारखी रेघ दिसू लागली. ती रेघ पाहून आम्हाला केवढा अभिमान वाटला होता! आमच्यातला एकजण म्हणालाही होता, "आपण वाट पाडली रे."

पत्र मी घरी येऊन फाडले. 'संबंधित' मीच होतो.

त्या गृहस्थांना सगळे अण्णा म्हणतात. मीही म्हणू लागलो. १९७२ च्या दुष्काळात ते अठरा वर्षांचे होते. पुरंदर तालुक्यातल्या आपल्या गावी आई-वडिलांबरोबर दुष्काळी कामावर त्यांनी खडी फोडली. पुढे मृदसंधारणाच्या कामावर नोकरी लागली आणि सारा जन्म डोंगरउतारांवर पाणी अडवण्यात गेला. निवृत्त होऊन मुलाकडे पुण्याला आले, टेकडीवर फिरायला जाऊ लागले, आणि त्यांच्या मनाला चैन पडेना. "बाकीचे लोक सूर्योदय बघत होते हो," ते मला म्हणाले, "मला सगळीकडं वाहून चाललेली मातीच दिसायची."

अण्णांचे सारे शास्त्र एका वाक्यात मावते. वाट उताराला आडवी असेल तर पाणी तिला ओलांडून जाते. वाट उताराच्याच दिशेने असेल तर पाणी तिचा ओढा करते. गुराख्यांनी आणि गवत कापणाऱ्या बायांनी पाडलेल्या जुन्या वाटा बघा, त्या नेहमी तिरक्या चढतात, कारण डोक्यावर भारा घेऊन सरळ उभे चढता येत नाही. सरळ वाट पाडतो तो रिकाम्या हातांचा, भरल्या पोटाचा माणूस. हे दुसरे वाक्य माझे आहे, अण्णांचे नव्हे. ते कुणाला नावे ठेवीत नाहीत.

पण आडवी वाटदेखील फार चालली की खोलगट होते. हजारो पायांनी मधला भाग दबतो, पाणी कडेने निघून न जाता वाटेतूनच वाहू लागते, बारीक माती नेते आणि खडे मागे ठेवते. खड्यांवर पाय सरकतो म्हणून लोक कडेच्या गवतावरून चालतात. गवत मरते, वाट रुंद होते, रुंद वाटेवर आणखी पाणी गोळा होते. पुण्याला वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणाच्या मानाने हा आकडा काहीच नाही. पण त्यातला पुष्कळसा थोड्या जोरदार सरींत येतो, आणि तेवढ्याच सरींना चार बोटे मातीची काय पर्वा?

यावर उपाय अगदी साधा आहे, आणि म्हणूनच तो करायला कुणाला सुचत नाही. वाटेत दर काही पावलांवर दगडांची एक ओळ तिरकी बसवायची. सरळ आडवी नव्हे, तिरकी. वरून येणारे पाणी त्या ओळीला टेकते आणि तिच्या कडेकडेने घरंगळत उताराच्या बाजूला, गवतात जाते. दगड मोठा हवा, आणि दोन तृतीयांश जमिनीत पुरलेला हवा. वर दिसतो तो नुसता त्याचा माथा. ज्या टोकाने पाणी बाहेर पडते त्याला अण्णा 'तोंड' म्हणतात. ते तोंड गाळाने बुजले की सगळी मेहनत फुकट. म्हणून मे महिन्यात तोंडे उकरायची, पहिल्या पावसानंतर पुन्हा उकरायची, आणि मधून मधून, धो धो पाऊस पडत असताना, छत्री घेऊन वर जायचे आणि पाणी कुठून कसे चालले आहे ते नुसते बघत उभे राहायचे. "पावसात बघितलं नाही तर उन्हात केलेलं काम आंधळं," असे ते म्हणतात. अशा वेळी टेकडीवर आमच्याखेरीज कुणी नसते. एकदा एका शेजाऱ्याने मला भर पावसात छत्रीखाली वाटेकडे टक लावून उभा असलेला पाहिले आणि घरी येऊन सौ.ला काळजीने विचारले, "सरांचं सगळं ठीक आहे ना?"

घळीचे काम वेगळे. तिथे तळापासून वरपर्यंत थोड्या थोड्या अंतरावर दगडांचे आडवे बांध घातले. चुना नाही, सिमेंट नाही. दगडावर दगड नुसता रचून बसवलेला. शेतीखात्याच्या भाषेत याला अनगड दगडी बांध म्हणतात. पाणी त्यातून झिरपते, माती मागे राहते, आणि घळ तळातून हळूहळू भरत येते.

हे सारे ऐकायला सोपे वाटते. २०२३ च्या पावसाळ्यापूर्वी अण्णा गुडघ्याच्या दुखण्याने तीन आठवडे आले नाहीत, तेव्हा आम्ही शहाण्यांनी त्यांच्याविना एक उंच तुकडा हाती घेतला. आम्ही म्हणजे एक मराठीचा प्राध्यापक, एक दंतवैद्य, संगणकावर काम करणाऱ्या दोन मुली, एक किराणा दुकानदार आणि त्याचा मुलगा. आम्ही सुबक पायऱ्या केल्या. इतक्या सुबक की छायाचित्रे काढून सर्वांना पाठवली. जूनच्या अखेरीस पहिला मोठा पाऊस झाला आणि निम्मे दगड वाहून गेले. उरलेले निम्मे जागेवर होते, पण त्यांचा उपयोग कुणालाच होत नव्हता. कारण पायऱ्या उंच झाल्या होत्या आणि लोक त्या टाळून शेजारच्या गवतावरून जात होते. एका वाटेच्या दोन वाटा झाल्या होत्या. अण्णा आले, त्यांनी पाहिले, आणि एवढेच म्हणाले, "घरातल्या म्हाताऱ्या माणसाला चढवून बघितलं होतं का?" मला आईची आठवण झाली आणि मान वर करवेना.

तेव्हापासून आमचा एक दंडक आहे. चांगली वाट वाईट वाटेपेक्षा चालायला सोपी हवी; तरच लोक तिच्यावर राहतील. सोपी वाट करणे हे अवघड काम आहे.

शॉर्टकट बंद करणे त्याहूनही अवघड. वरच्या आणि खालच्या तोंडाला आम्ही बाभळीच्या काट्या टाकल्या. सकाळी त्या बाजूला केलेल्या असत. पुन्हा टाकल्या, पुन्हा बाजूला. शेवटी भाषेच्या सामर्थ्यावर विश्वास असल्यामुळे मी एक पाटी लिहिली. पुण्यात राहून पाटी लिहायची म्हणजे ती खोचक हवीच. 'आपणास एवढी घाई असल्यास घरूनच लवकर निघावे.' मला ती फार आवडली होती. अण्णांनी ती वाचली, खाली ठेवली आणि म्हणाले, "मास्तर, हे वाचून माणूस हसंल, आणि हसत हसत इथनंच जाईल." ती पाटी आता आमच्या गॅलरीत आईच्या तुळशीला टेकू म्हणून उभी आहे.

एके दिवशी पांढरे शुभ्र बूट घातलेले एक गृहस्थ काट्या बाजूला करताना समोरासमोर सापडले. "मी वीस वर्षं इथूनच जातोय," ते म्हणाले. हा 'वहिवाटी'चा युक्तिवाद. शब्द मोठा बोलका आहे: वाट वहिवाटली की हक्क निर्माण होतो! माझ्या जिभेवर उत्तर होते. पण वीस वर्षांपूर्वी आधी तिथून कोण गेले होते हे माहीत असल्यामुळे मी ते गिळले. अण्णा मात्र पुढे झाले आणि अगदी अदबीने म्हणाले, "साहेब, जाताच आहात तर तेवढा हा दगड खालच्या बांधापर्यंत नेता का? माझा गुडघा साथ देत नाही." गृहस्थ गोंधळले. दगड उचलला. त्या बुटांनी, त्या घळीतून, हातात दगड घेऊन उतरताना त्यांना ती घळ बहुधा प्रथमच दिसली. त्यानंतर ते काही आमच्यात आले नाहीत, पण वळसा घालून जाऊ लागले. नमस्कार मात्र अजून करीत नाहीत.

आमचे भांडण टेकडीवर प्रेम न करणाऱ्यांशी नाहीच. टेकडीवर येतात तेच तिला झिजवतात, आणि ते सगळे तिच्यावर प्रेम करणारेच असतात. एकदा एका हौशी मंडळाची तीसेक माणसे वडाची रोपे आणि कुदळी घेऊन आली. फलक, टोप्या, सरबत, सर्व तयारी होती. त्यांनी निवडलेली जागा म्हणजे वाटेच्या वरच्या अंगाचा गवताळ उतार. "एवढी मोकळी जागा आहे," असे त्यांचे म्हणणे. आमच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई त्या दिवशी बरोबर होत्या. त्यांनी जवळजवळ अर्धा तास त्या मंडळींना समजावले, की ही जागा मोकळी नाही, ती गवताची आहे. कुसळी गवताच्या मुळांचे जाळे ही माती धरून ठेवते. तिथे तीस खड्डे खणले तर तीस ठिकाणची माती मोकळी होऊन पहिल्या पावसात खाली येईल आणि चार बोटे मातीत वड काही जगायचा नाही. टेकड्या लवकर हिरव्या दिसाव्यात म्हणून पूर्वी गिरिपुष्पाची झाडे लावली गेली. ते मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचे झाड. भराभर वाढले खरे, पण त्याच्या दाट सावलीखाली आपले गवत फारसे टिकत नाही. मंडळी हिरमुसली. निम्मी निघून गेली. उरलेल्यांनी वडाची रोपे खाली एका शाळेच्या आवारात लावायचे ठरवले आणि त्यातले चौघे अजून रविवारी येतात.

इथे हेही सांगून टाकतो, की आपल्या मनाला येईल तिथे कुदळ मारायला टेकडी काही आपल्या वडिलांची नाही. बराचसा भाग वनखात्याच्या ताब्यात आहे. तिथे दगड हलवायचा तरी आधी विचारावे लागते. सुरुवातीला मला याचा वैताग येई. पण आमच्या भागात फिरणारा वनरक्षक उन्हाळ्यात वणवा लागला की सर्वांआधी तिथे पोचलेला असतो, हे पाहिल्यापासून माझी तक्रार बंद झाली आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये गवत वाळून कोळ झालेले असते. एक विडी पुरते. हिरव्या फांद्यांनी झोडपून आग विझवताना पापण्या भाजतात, आणि विझल्यावर जो काळा उतार उरतो त्याच्याकडे पाहून आम्हाला पुढचा पाऊस दिसू लागतो.

एप्रिल २०२३ मध्ये टेकडीवरून आणि टेकडीच्या पोटातून रस्ता व बोगदे नेण्याच्या बेताविरुद्ध पुण्यात मोठा मोर्चा निघाला. हजारो माणसे होती. आम्हीही होतो. आईसुद्धा आली होती आणि डाव्या हाताने फलक धरून चालली. असे मोर्चे निघायला हवेत, याबद्दल मला शंका नाही. त्याच्या पुढच्या रविवारी मी मोठ्या उत्साहाने चार जास्तीची घमेली घेऊन वर गेलो. आम्ही नऊजण होतो. नेहमीपेक्षा दोन जास्त. मी निराश झालो. अण्णांनी मात्र नऊ माणसांचे काम आखून टाकले होते.

माझा एक भाचा अमेरिकेत व्हर्जिनियात असतो. त्याला मी हे सारे कळवले तेव्हा त्याचा फोन आला, की मामा, मीही इथे हेच करतो! त्या देशाच्या पूर्वेकडे ॲपलाचियन डोंगररांगेतून १४ राज्ये ओलांडणारी सुमारे ३५०० किलोमीटरची एक पायवाट आहे. बेंटन मॅकाय नावाच्या गृहस्थाने १९२१ साली तिची कल्पना मांडली आणि १९३७ साली ती सलग पुरी झाली. तिची देखभाल मुख्यतः ठिकठिकाणची हौशी मंडळे करतात. प्रत्येक मंडळाकडे वाटेचा आपापला तुकडा, आणि झाडांवर दोन इंच रुंद, सहा इंच उंच असे पांढरे पट्टे रंगवून ती वाट दाखवलेली. भाच्याने छायाचित्रे पाठवली. हिरव्या जंगलात वाटेवर तिरके बसवलेले दगड आणि लाकडाचे ओंडके. मी ती अण्णांना मोठ्या कौतुकाने दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "बरोबर आहे. तिकडंसुद्धा पाणी उताराकडंच जाणार की." मग जरा थांबून, "पण तो तिसरा ओंडका जरा सरळ बसलाय. सांगा भाच्याला."

पण त्यातली एक गोष्ट आम्ही उचलली, तुकडे वाटून घेण्याची. आता दंतवैद्यांकडे खालचा टप्पा आहे, त्या दोन मुलींकडे घळ, किराणा दुकानदाराकडे माथ्याजवळचा भाग आणि माझ्याकडे, मी स्वतःच मागून घेतलेले, ते वळण. आपला तुकडा म्हटला की माणसाची नजर बदलते. मी आता वर्गात कविता शिकवताना बाहेर पाऊस सुरू झाला, की मनातल्या मनात माझी सात तोंडे मोजतो. एका विद्यार्थ्याने एकदा विचारलेही, "सर, पुढची ओळ?"

२०२४ पासून अण्णांना डॉक्टरांनी चढायला बंदी केली आहे. ते रविवारी टेकडीच्या पायथ्याशी मोरीच्या कठड्यावर बसतात. वर जाणाऱ्यांना काम सांगतात, उतरणाऱ्यांची साक्ष घेतात. मी उतरलो की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "तिसऱ्याचं तोंड?" माझ्या वळणावरचा तिसरा दगड बुजण्यात पटाईत आहे. मी "उघडं आहे" म्हटले, की ते खिशातले पेन काढून एका छोट्या वहीत काहीतरी टिपतात. त्या वहीत काय लिहिलेले असते ते मी अजून पाहिलेले नाही.

घळ पुरती भरलेली नाही. कमरेइतकी होती, ती आता गुडघ्याच्या जरा वर आली आहे. बांधांमागच्या मातीत दुसऱ्या पावसाळ्यात तरवड उगवला, तिसऱ्यात गवत आले. आमच्या त्या एका सकाळच्या आरोळ्या पुसून टाकायला आणखी किती पावसाळे लागतील, याचा हिशेब मी अण्णांना विचारला होता. ते म्हणाले, "तुमचं वय किती?" मी सांगितले. "मग बघाल तुम्ही," एवढेच बोलले.

२०२५ च्या श्रावणात एका सकाळी मी निघालो तेव्हा आई दाराशी चपला घालून उभी होती. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर ती परत फिरली असती. पायथ्याशी अण्णा बसले होते. त्यांनी हात जोडले, तिने जोडले. त्या दोघांची तोवर कधी भेट झाली नव्हती, पण ओळख करून द्यावी लागली नाही.

वर जायला आम्हाला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला. वळणाच्या अलीकडे ती थांबली, छत्री मिटून तिची काठी केली आणि माझ्या हाताला न धरता एकेक ओळ ओलांडू लागली. पहिली, दुसरी, तिसरी. चौथ्या ओळीपाशी तिने छत्रीच्या टोकाने एका दगडावर टकटक केले, मग त्यावर पाय ठेवून जरा भार दिला आणि माझ्याकडे वळून शाळेतल्या बाईंच्या स्वरात म्हणाली, "हा हलतोय रे."

मी तिला शेजारच्या कातळावर बसवले आणि पहार आणायला खाली गेलो.